इंचाचे ठिपके

डेपोत त्याला सगळे इंच म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचतंय कोण! उंची म्हणाल तर पाच फूट एक, तीही बूट घालून. पण नाव काही त्यामुळे पडलं नव्हतं. बस ताब्यात घेताना हा माणूस सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे घ्यायचा, मग मागे, मग पुन्हा पुढे, आणि पुटपुटायचा, "अजून एक इंच... अर्धा... हां." हे रोज, बावीस वर्षं. मागे चाळीस माणसं घामाघूम होऊन बसलेली, कंडक्टर घड्याळ बघतोय, आणि याचं आपलं एक इंच, अर्धा इंच. मग दुसरं काय नाव पडणार?

बुटक्या माणसाला लवकरच एक गोष्ट कळते. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाची असते. शर्टाच्या बाह्या, न्हाव्याची खुर्ची, बँकेची खिडकी, स्वयंपाकघरातलं वरचं फळकूट. त्याची बायको त्याच्यापेक्षा चार बोटं उंच. लग्नाच्या फोटोत तो विटेवर उभा आहे आणि फोटोवाल्या गाढवाला ती वीट लपवताही आली नाही. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत त्याचा पाय क्लचपर्यंत पोचेना, म्हणून बिचारा सीटच्या टोकावर येऊन, पाठ हवेत ठेवून बस चालवू लागला. परीक्षा घेणारा म्हातारा वैतागला. म्हणाला, "अरे बाबा, तू कशाला सरकतोस? सीट सरकव की!"

त्या एका वाक्याने त्याचं आयुष्य मार्गी लागलं म्हणायला हरकत नाही. आपल्यात खोट नाही, सीट चुकीच्या जागी आहे, हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून तो बसमध्ये चढला की आधी कंबर सीटच्या मुळापर्यंत नेणार. क्लच तळापर्यंत दाबून गुडघा जरा वाकलेला राहतो का बघणार. पाठ टेकलेली ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवून बघणार. सीटची उंची अशी, की नजर काचेच्या मधोमध गेली पाहिजे. आणि मग आरसे! आतला, रस्त्याकडचा आणि दाराकडचा. दाराकडच्या आरशावर तर याचा फार जीव. त्यात खालच्या कोपऱ्यात मागचं चाक दिसलंच पाहिजे. चाक नाही दिसलं तर बस हलणार नाही, मग वरून साहेब येवो नाहीतर आभाळ कोसळो. तो आरसा बाहेरून हाताने वळवायचा असायचा. म्हणजे एकाने खाली उतरून ढकलायचा आणि दुसऱ्याने सीटवर बसून सांगायचं. इंच कंडक्टरला खाली उतरवायचा आणि वरून ओरडायचा, "जरा खाली... फार झालं... थोडा बाहेर." कंडक्टर शिव्या घालायचे, पण ढकलायचे.

"चाकाखाली येणारा माणूस पुढच्या काचेतून दिसत नसतो," असं तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा. नवे लोक "हो हो" म्हणायचे आणि त्याची पाठ वळली की हसायचे. तरी एक खरं, बावीस वर्षांत याच्या बसचा कुणाला ओरखडाही लागला नव्हता. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं कँटीनवाला त्याला पाहिलं की म्हणायचा, आणि चहात साखर जास्त टाकायचा.

त्याच्या बसवर दुसऱ्या पाळीला जो यायचा त्याला पैलवान म्हणत. सहा फूट, दाराएवढी पाठ, आणि मनाने अगदी लोणी. पाळी बदलायची ती बाजाराजवळच्या शेवटच्या थांब्यावर, प्रवासी बसलेले असताना. त्यासाठी वेळापत्रकात चार मिनिटं होती. पाळ्या उलट्या व्हायच्या त्या आठवड्यात इंच पैलवानानंतर बस घ्यायचा, तेव्हा सीट इतकी मागे असायची, की त्याला ती विहिरीतून वर काढावी लागते असं वाटायचं. चारची सहा मिनिटं व्हायची. उशिराचे मेमो यायला लागले. एक आला, दोन आले, चौथ्या मेमोला तो घरी येऊन बायकोवर चिडला, म्हणजे नेहमीप्रमाणे.

बायको म्हणाली, "एवढं आहे तर खुणा करून ठेव ना. मी नाही का डब्यांवर करते?"

दुसऱ्या दिवशी तिची लाल नेलपॉलिशची बाटली गायब. इंचाने सीटच्या पट्टीवर, उंचीच्या दांड्यावर, पाठीच्या चाकाजवळ, स्टिअरिंगच्या नळीवर आणि तिन्ही आरशांच्या दांड्यांवर लाल ठिपके दिले. आरसा ज्या जागी हवा तिथे दांड्यावर एक ठिपका आणि चौकटीवर एक. दोन्ही ठिपके समोरासमोर आले की झालं. पैलवानाला हिरवे ठिपके दिले. पैलवान ठिपक्यांचा वास घेऊन म्हणाला, "इंचा, बसला मेंदी काढायचीच काय ती राहिली!" पण पहिल्याच दिवशी दीड मिनिटात दोघांची अदलाबदल झाली, आणि पैलवानाचं हसू बंद झालं.

महिन्याभरात डेपोतल्या सगळ्या बसवर ठिपके झाले. निळे, पिवळे, गुलाबी, एकाने तर बायकोचं चमकीवालं लावलं. इंच प्रत्येकाला बजावून सांगायचा, "बाबांनो, ठिपका तुम्हाला जवळपास नेऊन सोडतो. पुढे डोळ्याने बघायचंच. पाठ दुखत असली तर माणूस सीटवर वेगळा बसतो, जाड स्वेटर घातला तर वेगळा बसतो. ठिपक्याला डोळे नसतात!" लोक मान डोलवायचे.

मग ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. साहेब म्हणजे डेपोचे मुख्य, वयाने इंचापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अंगात नवा उत्साह आणि हातात नेहमी एक घड्याळ. त्यांनी थांब्यावर उभं राहून मोजलं. चार मिनिटांची दीड होतात! तिसऱ्या दिवशी फलकावर कागद लागला. ठिपका पद्धत सर्व बसला लागू, पाळी बदलायला दीड मिनिट. खाली मोठ्या अक्षरांत, 'ही पद्धत शोधून काढणारे', आणि पुढे इंचाचं खरं, पूर्ण नाव.

ड्रायव्हर भडकले. "आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास, आणि सोबत आमच्याही!" त्या अडीच मिनिटांत लोक पाणी प्यायचे, पाय मोकळे करायचे, कुणी लघवीला जाऊन यायचा. सगळं गेलं. इंच तावातावाने साहेबांकडे गेला. सांगायचं होतं, की दीड मिनिटात आरसा बघून होत नाही, कागद काढा. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. आजवर त्या खोलीत त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"काका," साहेब म्हणाले, "वरच्या ऑफिसात तुमचं नाव गेलंय. पुढच्या महिन्यात मोठे साहेब स्वतः बघायला येतायत. सगळ्या डेपोंसाठी तुम्हालाच प्रशिक्षक नेमायचं म्हणतायत. आता तुम्हीच नाट लावता?"

इंच म्हणाला, "नाही, म्हणजे... बघून घ्यायला पाहिजे एवढंच." आवाज इतका बारीक होता की त्याचा त्यालाच जेमतेम ऐकू आला. बाहेर पडताना तो फलकापाशी थांबला. आसपास कुणी नाही असं पाहून त्याने आपलं नाव दोनदा वाचलं. माणूसच तो. बावीस वर्षं ज्याचं नाव फक्त मेमोवर आलं, त्याला ते फलकावर पाहून बरं वाटलं, तर त्याला फार दोष देता येत नाही. दोष पुढच्या गोष्टीचा आहे.

त्याच सुमाराला डेपोत एक नवी ड्रायव्हर आली. एकोणतीस-तीस वर्षांची, घरी आई आणि शाळेत जाणारी मुलगी. तीन वर्षं खेटे घालून तिला ही नोकरी लागली होती. तीही बुटकी. कँटीनमध्ये कुणीतरी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर ताट ठेवलं, तर ताट अगदी सपाट! हशा झाला आणि तिचं नाव पडलं धाकटी. पैलवान म्हणाला, "घ्या, इंचाला वारस मिळाला." साहेबांना कळलं तेव्हा ते खूश झाले. पैलवानाला दुसऱ्या मार्गावर टाकून इंचाच्या बसवर दुसऱ्या पाळीला धाकटीला लावलं. म्हणाले, "दोघांचं माप एकच. तिला वेगळे ठिपके कशाला? पाळी बदलायला अर्धं मिनिटसुद्धा लागणार नाही!"

पण त्या दिवशी ताट काढून सगळे हसत बाकावर बसले, तेव्हा इंचाने एक गोष्ट पाहिली होती. उभं असताना दोघं बरोबरीची, पण बसल्यावर धाकटीचं डोकं त्याच्या कानापाशी आलं. त्याचं अंग कमरेवर लांब, पाय आखूड. तिचे पाय लांब, कंबर आखूड. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही, येणारही नव्हतं. माणूस किती उंच आहे यापेक्षा त्याचे डोळे सीटवर किती उंच येतात हे बघणारा त्या डेपोत एकच होता.

त्याने ठरवलं, हिला वेगळे ठिपके द्यायचे. बायकोला सांगून जांभळी बाटलीही आणवली. बायको म्हणाली, "माझ्यासाठी एवढ्या वर्षांत एक आणली नाहीस, आता परक्या पोरीसाठी आणतोस होय!" पण बाटली तिनेच आणून दिली. पहिले दोन दिवस धाकटी बस घ्यायची तेव्हा इंच पाळी संपूनही थांबला. तिला पुन्हा सीट मागे घ्यायला लावली, उंच करायला लावली, स्वतः खाली उतरून दाराकडचा आरसा ढकलला. "चाक दिसलं?" "दिसलं, काका." "मग नीघ." तिसऱ्या दिवशी शेवटी जांभळे ठिपके देऊन टाकू, असं म्हणाला. आणि तिसऱ्याच दिवशी मोठे साहेब आले.

साहेबांनी सकाळीच इंचाला बाजूला घेतलं होतं. "आज एकच रंग दाखवायचा, काका. एका ठिपक्यात दोन ड्रायव्हर. उगाच गोंधळ नको." इंच म्हणाला, "बरं." इस्त्रीचा शर्ट घालून आला होता तो.

दुपारी बाजाराच्या थांब्यावर मोठे साहेब, त्यांच्याबरोबर दोघे आणि हातात घड्याळ घेतलेले आपले साहेब असे फूटपाथवर उभे राहिले. बस खच्चून भरलेली, कंडक्टर पार मागच्या दाराशी तिकिटं फाडतोय. इंच इंजिन चालू ठेवून उतरला, धाकटी चढली. सीट लाल ठिपक्यावर होतीच. तिचे गुडघे स्टिअरिंगला घासले. तिने पट्टा लावला, दाराकडच्या आरशात पाहिलं आणि खिडकीतून खाली वाकली.

"काका, चाक दिसत नाही. नुसत्या खिडक्या दिसतायत. जरा आरसा ढकलता?"

हात वर केला असता तर आरशापर्यंत पोचला असता. आरसा ढकलायला एक मिनिट, फार तर सव्वा. पण घड्याळ चाळीस सेकंदांवर होतं, मोठे साहेब मान हलवून हसत होते, आणि आपले साहेब इंचाकडे अशा नजरेने बघत होते की जणू तोच त्यांचा वडीलधारा. इंच खिडकीखाली गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"ठिपक्यावर आहे ना? मग बरोबर आहे. काही बघू नकोस. नीघ."

तिने एकदा आरशाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग मान हलवून तिने गिअर टाकला. पन्नास सेकंद. मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली, खरोखर वाजवली, आणि इंचाशी हस्तांदोलन केलं.

तिसऱ्या थांब्यावर बेकरीच्या भट्टीवर काम करणारा एक माणूस मागच्या दाराने उतरला. त्याच्या हातातली पिशवी फाटली, काहीतरी घरंगळत मागच्या चाकापाशी गेलं, आणि तो उचलायला वाकला. कंडक्टरने घंटी दिली. धाकटीने दाराकडच्या आरशात पाहिलं. खिडक्या दिसल्या, माणूस नाही दिसला. तिने बस काढली. त्या माणसाचा जीव वाचला, पण उजव्या पायाचा पंजा डॉक्टरांना काढावा लागला.

इंचाला ही बातमी कँटीनमध्ये कळली. त्याने भरलेला कप तसाच खाली ठेवला. कुणी काही सांगायच्या आधीच त्याला कळलं होतं की चाक कुठलं आणि आरसा कुठला. घरी गेला तर बायकोने विचारलं, "काय झालं? तोंड का असं?" म्हणाला, "नव्या पोरीकडून अपघात झाला." "बिचारी," बायको म्हणाली. तो जेवला नाही, बायकोला वाटलं पोरीचं वाईट वाटून.

दुसऱ्या दिवशी बस वर्कशॉपच्या आवारात उभी होती. कुणी नाही असं पाहून तो चढला आणि सीटवर बसला. आरशात चाक स्वच्छ दिसलं. मग तो पाठ खचवून चार बोटं खाली गेला, धाकटीच्या डोळ्यांच्या उंचीला. चाक गेलं. एकामागे एक खिडक्याच खिडक्या. तो पुन्हा वर झाला, पुन्हा खाली गेला. किती वेळा ते त्याला आठवत नाही. शेवटी त्याला स्वतःची इतकी घृणा आली की तो उतरून नळावर गेला आणि तोंड धूत राहिला.

चौकशी दोन दिवसांनी होती. आदल्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावलं. पुन्हा खुर्ची दिली, या वेळी चहाही.

"काका, ठरायचंय एवढंच, की पद्धत चुकली की ड्रायव्हर चुकली," साहेब म्हणाले. "ड्रायव्हर चुकली तर गोष्ट तिथे संपते. नवी आहे, शिकाऊ मुदतीत आहे, जाईल. पद्धत चुकली म्हटलं तर वर विचारतील, पद्धत कोणाची? फलकावर नाव कोणाचंय?"

"तिने मला विचारलं होतं," इंच म्हणाला. एवढं मात्र तो म्हणाला, ते त्याच्या बाजूने मांडलं पाहिजे.

"काय विचारलं होतं?"

इंचाने कप बशीत नीट मधोमध ठेवला. मग म्हणाला, "काही नाही. असंच."

साहेबांनी पुढे विचारलं नाही. साहेब हुशार होते. काही गोष्टी न विचारल्या की माणसाचं काम सोपं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि इंचालाही ठाऊक होतं, की खरं बोललं तर धाकटीला फार तर ताकीद मिळेल, नोकरी राहील. तिची नोकरी त्याच्या एका वाक्यावर अडली होती. ते वाक्य दोघांनीच ऐकलेलं, आणि दोघांपैकी एक जण तो स्वतः.

चौकशी साहेबांच्या शेजारच्या खोलीत झाली. लांब टेबल, तीन अधिकारी, भिंतीला लागून बाकावर साक्षीला आलेले डेपोतले पाच-सहा जण. धाकटी समोर उभी होती. दोन दिवसांत तिचं तोंड वाळलं होतं, पण बोलली ती सरळ, एकेक शब्द नीट.

"मी आरशात बघितलं होतं, साहेब. आरशात कुणी नव्हतं. आरसा माझ्या डोळ्यांना लागत नव्हता. निघताना मी काकांना सांगितलं होतं की चाक दिसत नाही."

"मग?"

"काका म्हणाले, ठिपक्यावर आहे ना, मग बरोबर आहे. काही बघू नकोस. नीघ."

बाकावर कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरा हसला. तिला दुखवायला नाही हसले ते, खरंच हसू आलं त्यांना. इंच म्हणतो, बघू नकोस? नदी उलटी वाहिली असं कुणी सांगितलं असतं तर बरं पटलं असतं. मधल्या अधिकाऱ्यांनी इंचाकडे वळून विचारलं, "तुम्ही असं म्हणालात?"

इंच उभा राहिला. बघा, त्याने 'नाही' म्हटलं नाही. तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला हेच सांगणार होता, की मी 'नाही' हा शब्द तोंडातून काढला नाही. तो म्हणाला, "साहेब, बावीस वर्षं झाली मला. आरसा न बघता नीघ असं मी कुणाला म्हटलंय का, विचारा ह्या खोलीत कुणालाही."

आणि त्यांनी विचारलं. काय सांगू, एकेक जण जीव ओतून बोलला! पैलवान तर उठून उभाच राहिला. "साहेब, ह्या माणसाने आरशापायी माझी गाडी शंभर वेळा अडवली असेल. एकदा तर भर उन्हात मला उतरवून आरसा ढकलायला लावला, मी शिवी घातली तरी ऐकेना. इंच असं म्हणेल? आई शपथ सांगतो, शक्य नाही." एक कंडक्टर म्हणाला, "माझा खांदा दुखायचा साहेब, ह्यांचा आरसा ढकलून ढकलून." खोलीत पुन्हा हसू पसरलं. अधिकारीसुद्धा हसले. बावीस वर्षांत त्याच्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. शिव्या देणाऱ्या सगळ्यांनी आज त्याचं कौतुक केलं, आणि त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. इंच मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं लाजला.

मधले अधिकारी धाकटीला जरा मऊपणे म्हणाले, "बाई, घाबरल्यावर माणसाला नसलेलं आठवतं. नीट आठवून बघा."

धाकटीने इंचाकडे पाहिलं. तिला काय दिसलं असेल तिथे? पहिले दोन दिवस पाळी संपल्यावर थांबून आरसा ढकलणारा म्हातारा. चाक दिसलं का, असं पुन्हा पुन्हा विचारणारा. ती बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सरळपणा हळूहळू गेला. इंचाला ते दिसलं. डोळ्यासमोर एक माणूस स्वतःवरचा विश्वास सोडून देताना त्याने पाहिलं, आणि तो गप्प बसला.

"काका खोटं बोलणार नाहीत," ती शेवटी म्हणाली. "त्यांनी तसं म्हटलं नसेल. माझ्याच मनाने घेतलं असेल."

मग फार वेळ लागला नाही. अधिकाऱ्यांनी कागदावर लिहिलं, की ठिपका पद्धतीत दोष नाही, ड्रायव्हरने आरसा आपल्या डोळ्यांना जुळवून घेतला नाही. धाकटीला कामावरून काढलं. दुपारनंतर बिल्ला आणि गणवेश जमा करायचा. बाहेर पडताना पैलवानाने इंचाच्या पाठीवर थाप मारली. "चल, चहा पाजतो. तोंड का पाडतोस? तुझ्यावर येणारं टळलं ना!" इंच म्हणाला, "तू हो पुढे."

सगळे गेले तरी तो व्हरांड्यात थांबला. का थांबला ते त्यालाच माहीत. आत परत जाऊन अधिकाऱ्यांना सांगता आलं असतं, ते अजून कागद आवरत होते. दार उघडं होतं, चार पावलांवर. त्याने तिकडे दोनदा पाहिलं.

धाकटी जिन्यावरून परत वर आली. तो एकटा आहे असं बघूनच आली असावी. डोळे रडून लाल झाले होते. आता ही तोंडावर विचारणार, आणि आता आपल्याला बोलावंच लागणार, असं त्याला वाटलं. खोटं नाही सांगत, त्याला सुटल्यासारखंही वाटलं.

"काका," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं मी. मला दोन दिवस झोप नाही, तो माणूस सारखा डोळ्यांसमोर येतो. काय खरं, काय मनाचं, काही कळत नाही मला. तुम्ही मला एवढं शिकवलंत, आणि मी तुमच्यावरच ढकलायला निघाले. राग धरू नका. मला माफ करा."

इंचाचं तोंड उघडलं. आतमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली, आवाज आला.

"असू दे, पोरी," तो म्हणाला. "माणसाच्या हातून होतं."

"उपकार झाले, काका," ती म्हणाली, आणि डोळे पुसत बिल्ला जमा करायला खाली गेली.